आज्याचा दाखला, नातवाचा ॲप्रन

डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं पश्चिमेला जाणारा रस्ता जिथं चढायला लागतो, तिथल्या एका घरात मी बसलो होतो. दिवाळीचे दिवस. भाताची खाचरं पिवळी पडली होती, काहींची कापणी सुरू झाली होती. घरातला मुलगा सरकारी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. चार दिवसांच्या सुटीवर आला होता आणि सकाळपासून विळा घेऊन खाचरात होता. त्याच्या आईनं माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत खताच्या गोणीचं आतलं जाड प्लॅस्टिक, त्यात वर्तमानपत्राची घडी, आणि घडीत कागद.

सगळ्यात आत होता मुलाच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख १ जून. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस मास्तरांनी १ जूनला बसवले, त्यातलाच हा एक. इयत्ता दुसरीत शाळा सुटली. जातीच्या रकान्यात शाई पसरली आहे, तरी ‘म. कोळी’ एवढं वाचता येतं. दुसरीत शाळा सोडलेल्या त्या माणसाच्या दाखल्यावर नातवाचं डॉक्टर होणं टांगलेलं होतं. ‘आज्या दोन वर्सं शाळेत गेला म्हणून बरं दादा,’ ती म्हणाली, ‘गेलाच नसता तर?’

या घराचं नाव मी देणार नाही, गावाचंही नाही. या पट्ट्यातून एका वर्षी मेडिकलला जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. गाव सांगितलं की मुलगा कोण ते कळतं, आणि त्याला अजून तीन वर्षं त्याच वसतिगृहात काढायची आहेत.

जुन्नर आणि आंबेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला शिवनेरी आठवतो, भीमाशंकर आठवतं, नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि द्राक्षबागा आठवतात. पण हे तालुके पूर्व-पश्चिम दोन तुकड्यांत जगतात. पूर्वेला कुकडीचे कालवे, ऊस, कांदा. पश्चिमेला आहुपे, तिरपाड, आंबे-हातवीज, इंगळूण, घाटघर अशी सह्याद्रीच्या धारेवरची गावं. तिथं महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. पावसावर येणारं भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात गोळा केलेला बाळहिरडा. कुकडी, मीना, घोड या नद्या उगम पावतात पश्चिमेला आणि पाणी पोचतं पूर्वेला. डॉक्टरांचंही तसंच झालं आहे. मंचर-नारायणगावला दवाखान्यांच्या पाट्यांची रांग लागते. तळेघर, आडिवरे, आपटाळे, इंगळूण इथं प्राथमिक आरोग्य केंद्र हाच काय तो आधार, आणि तिथला डॉक्टर बहुधा बदलीची वाट पाहणारा.

या पश्चिम पट्ट्यातलं मूल मेडिकल कॉलेजात पोचावं यासाठी आपल्या राज्यानं एकच मोठी तजवीज केली आहे, ती म्हणजे अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा हिशेब करून पाहू. एमबीबीएसच्या जागा २५०. त्यातल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या दोनशे बाराएक जागांच्या ७ टक्के, म्हणजे पंधराच्या आसपास. या पंधरांत नंदुरबारचा भिल्ल, गडचिरोलीचा गोंड, पालघरचा वारली आणि आंबेगावचा महादेव कोळी हे सगळे आले. समावेशनाबद्दल मोठमोठे शब्द वापरण्याआधी हा पंधराचा आकडा डोळ्यांसमोर असू द्यावा.

त्या पंधरांत शिरायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. मंचरच्या प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला मिळाला की अर्धं काम झालं असं शहरातल्या माणसाला वाटतं. खरं काम तिथून पुढं सुरू होतं. पुण्याच्या तपासणी समितीपुढं वंशावळ मांडायची. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधायचा, म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. समितीला शंका आली की दक्षता पथक घरी येतं. कुलदैवत कोणतं, लग्नात कोणता विधी आधी, मयताचं कसं करता, असे प्रश्न म्हाताऱ्या माणसांना विचारले जातात. या घरातल्या आजीनं वरसूबाई सांगितली, वाघोबा सांगितला, वाघबारशीला रानात काय करतात ते सांगितलं. दिवाळी उंबऱ्याशी आली की ही माणसं वाघाला नमस्कार करतात, गुरं राखणाऱ्या पोरांचा तो सण. आयुष्यभर जे केलं ते कुणापुढं तरी सिद्ध करावं लागेल असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

ही तपासणी आली कुठून, हे या पट्ट्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माधुरी पाटील खटल्याचा निकाल दिला. दोन बहिणी, एक एमबीबीएसला, दुसरी दंतवैद्यकीला. दोघींचा दावा महादेव कोळी असल्याचा. समितीनं तो फेटाळला होता, त्या हिंदू कोळी, म्हणजे अनुसूचित जमातीबाहेरच्या, ठरल्या होत्या आणि न्यायालयानं ते उचलून धरलं. थोरली शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचली होती म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं. धाकटीला जमातीच्या सवलतीवर पुढं शिकता आलं नाही. याच निकालात न्यायालयानं दाखले तपासण्याची पंधरा कलमी रीत घालून दिली. दक्षता पथकाची चौकशी तिथूनच देशभर रूढ झाली. सहा वर्षांनी, २००० साली, मिलिंद खटला आला. हलबा-कोष्टी विद्यार्थी, हलबा जमातीचा म्हणून एमबीबीएसला घेतलेली जागा. दावा फेटाळला गेला, पदवी मात्र वाचली.

दोन्ही खटले मेडिकलच्या जागेचे. त्याच्याही मागं जा. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यानं जातवार जागावाटप रद्द केलं आणि त्यातून पहिली घटनादुरुस्ती झाली. तिथंही वाद मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाचा होता. अमेरिकेत १९७८ साली गाजलेला ‘बाक्की’ खटला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय शाळेचा; तिथं शंभरातल्या सोळा जागा राखीव होत्या. मेडिकलच्या जागा मोजक्या, आणि त्या जागेवर बसणाऱ्याच्या घराचं नशीब एका पिढीत पालटतं. म्हणून भांडण तिथं सगळ्यात कडक होतं.

आता आंबेगावच्या त्या घरातून हे सगळं पाहा. महादेव कोळ्यांचं मूळ रान म्हणजे हा डोंगर: जुन्नर, आंबेगाव आणि पलीकडचं अकोले. ज्यांच्या नावावर दुसऱ्यांनी जागा घेतल्या, तेच आज आपण खरे असल्याचा पुरावा घेऊन रांगेत उभे आहेत. बोगस दाखल्यांनी या मुलांचं दोनदा नुकसान केलं. एकदा जागा गेली आणि दुसऱ्यांदा विश्वास गेला. २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं बहिरा खटल्यात स्पष्ट सांगितलं की दावा खोटा ठरला तर नोकरीही जाईल, पदवीही. पुढं राज्य सरकारनं डिसेंबर २०१९ मध्ये अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग केलं, म्हणजे माणूस कामावर राहिला आणि आदिवासीची जागा कागदावर मोकळी झाली. ती भरा, एवढंच मागत आदिवासी संघटना आजही फिरताहेत. तपासणी नको असं या घरातलं कुणीही म्हणत नाही. तपासणी हवीच. पण तिचा भार खऱ्याच्या डोक्यावर किती टाकायचा?

मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं यातलं एक दुखणं कमी केलं. चालीरीतींची ती चाचणी, जिला कार्यालयात ॲफिनिटी टेस्ट म्हणतात, ती अंतिम कसोटी नाही, असं न्यायालयानं सांगितलं. शिकलेल्या, शहरात गेलेल्या घरानं काही रीती सोडल्या म्हणून ते घर आदिवासी राहत नाही असं होत नाही. जुना कागद भक्कम असेल तर तो पुरेसा आहे.

पण कागद? ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. धरणानं उठवलेली माणसं वर डोंगरात सरकली, पाणी उतरलं की गाळपेराच्या जमिनीत पेरायला लागली. शाश्वत संस्थेनं या विस्थापितांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. २०१२ साली तिला इक्वेटर पुरस्कार मिळाला. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर उतरला, १५१ माणसं गेली. घरांबरोबर पेट्याही गाडल्या गेल्या. ज्या मुलखात गावंच बुडतात आणि गाडली जातात, तिथल्या मुलाकडे पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची शाईची ओळ मागताना शासनानं स्वतःच्या दप्तरात आधी शोधायला हवं. जनरल रजिस्टर शाळेचं आहे, नमुना १४ महसूल खात्याचा आहे. तो शोधायला बापानं आठ दिवसांची मजुरी का बुडवायची?

बापाची मजुरी म्हणजे काय, तेही सांगतो. भात निघालं की या घरातली माणसं नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात. बागायतदार येतो, माणसं निवडतो, कांदा लावायला घेऊन जातो. उन्हाळ्यात हिरडा. कोवळी फळं झोडून, वाळवून व्यापाऱ्याला घालायची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हिरड्याची झाडं मोडली आणि नुकसानभरपाईसाठी लोकांना पुढं कितीतरी दिवस आंदोलनं करावी लागली. मुलाच्या ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी या हिरड्याच्या पैशातून भरली गेली. नीट मराठीत देता येते हे खरं, पण क्लासच्या नोट्स, सराव परीक्षा आणि पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत. आश्रमशाळेत वाढलेल्या मुलाला भौतिकशास्त्र येत नाही असं नसतं. त्याला ते शिकवायला दोन वर्षं कुणी सलग मिळालेलं नसतं.

इथं एक चांगली गोष्ट सांगायची आहे. बी. जे. मधल्याच विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट नावाचं काम सुरू केलं. डॉ. अतुल ढाकणे आणि त्यांचे मित्र. आपण शिकत असतानाच गरीब घरांतल्या मुलांना नीटसाठी फुकट शिकवायचं. पुढं मेळघाट आणि भामरागडच्या आदिवासी मुलांपर्यंत ते पोचले, भामरागडच्या तुकडीला त्यांनी उलगुलान नाव दिलं. शिकवणारा कालच तीच परीक्षा देऊन आलेला, त्यामुळं मूल नेमकं कुठं अडखळतं ते त्याला दिसतं. हे काम विद्यार्थ्यांनी स्वतःच्या वेळातून केलं. माझं म्हणणं आहे की ते प्रत्येक मेडिकल कॉलेजचं अधिकृत काम असायला हवं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांपासून त्याची सुरुवात व्हावी. तमिळनाडूनं २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या ७.५ टक्के जागा वेगळ्या काढल्या. घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळांतल्या मुलांसाठी असा विचार आपल्याकडे का होऊ नये?

समजा, मूल पोचलं. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात सीनियर विचारतो, ‘रँक किती?’

हा प्रश्न वरवर साधा आहे. पण सगळ्यांना ठाऊक असतं की रँक म्हणजे जात विचारण्याची सभ्य रीत. आकडा सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते या मुलानं मला दोन वाक्यांत सांगितलं आणि मग तो बराच वेळ विळ्याची मूठ चाचपत राहिला. ‘कोट्यातला’ हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारलेला नाही. पाठीमागं ऐकला आहे. वायव्हाला इंग्रजीत वाक्य अडलं की परीक्षक काय समजत असतील, हा विचार उत्तराच्या आधी येतो, आणि मग येत असलेलं उत्तरही जातं.

हे एका मुलाच्या मनाचे खेळ नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनं केली आणि २००७ मध्ये अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थी त्रासाला कंटाळून वसतिगृहात काही ठरावीक मजल्यांवर एकवटले होते. शिकवणं, परीक्षा, मेस, खेळ, सगळीकडे अंतर ठेवलं जात असल्याचं त्यांनी समितीला सांगितलं. देशातली सगळ्यात नावाजलेली वैद्यकीय संस्था ही.

आणि मग डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल्ल घरातली मुलगी, मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस. मुंबईच्या टोपीवाला महाविद्यालयात आणि नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं आयुष्य संपवलं. ती २६ वर्षांची होती. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून तिचा छळ केल्याचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातला विद्यार्थी रोहित वेमुला याची आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियम आहेत, समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा असं त्यात लिहिलं आहे, ते पाळले जात नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. दोन आयांनी आपापलं लेकरू गमावल्यावर नियम पाळा एवढं मागायला दिल्ली गाठावी लागली. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

समान संधी कक्ष म्हणजे दारावरची पाटी असून भागणार नाही. या मुलाला मी विचारलं, ‘तुमच्या कॉलेजात असा कक्ष आहे का?’ तो म्हणाला, ‘असेल सर.’ त्या ‘असेल’मध्ये सगळं आलं. कक्षात बसणारी व्यक्ती पहिल्या आठवड्यात वर्गात येऊन नाव-नंबर सांगते का? तक्रार करणाऱ्याच्या विभागाबाहेरचं कुणी ती ऐकतं का? परीक्षेचे गुण आणि रेसिडेन्सीतली सही ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध कुणी तोंड उघडू शकतं का? २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, त्यात भाषा आणि संगणकाला तास आहेत. ही चांगली जागा आहे. तिथं इंग्रजीबरोबर हेही शिकवता येईल की शेजारच्या बाकावरचा मुलगा कोणता डोंगर चढून इथं आला आहे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे पैसे वेळेवर येणं हेही याच कामात धरा. जुलै २०१८ मध्ये मेस बंद करून खात्यात पैसे टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले होते. मंचर, नारायणगाव याच रस्त्यावर आहेत.

या सगळ्या खटाटोपाचा रोग्याला काय उपयोग, असं मला एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता. अमेरिकेत ओकलंडला एक प्रयोग झाला. तेराशेवर कृष्णवर्णीय पुरुषांना तपासणीसाठी बोलावलं, काहींना कृष्णवर्णीय डॉक्टर दिला, काहींना दुसरा. आपल्यातला डॉक्टर समोर असला की माणसं मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांना जास्त तयार झाली, सुईलाही तयार झाली. २०१९ मध्ये हे संशोधन छापून आलं. मला त्यात नवल वाटलं नाही. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाचं काम उभं केलं, तेव्हा प्रतिविष जितकं लागलं तितकंच लोकांचं मन वळवणंही लागलं. भगताकडे न थांबता सरळ दवाखाना गाठा, हे गावोगाव जाऊन सांगावं लागलं. आणि हे सांगणारा माणूस आपल्या भागातला आणि आपल्यासाठी थांबलेला आहे, हे लोक पाहतात.

१८८६ साली आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत आहे. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली यांच्याबरोबरचा त्यांचा फोटो आपण पाहिलेला असतो. त्याच कॉलेजातून तीन वर्षांनी, १८८९ मध्ये, सुझन ला फ्लेश वर्गात पहिली आली. ती अमेरिकेतल्या ओमाहा आदिवासींतली, जन्म आनंदीबाईंच्याच साली, १८६५ चा. लहानपणी तिनं एक आजारी आदिवासी बाई गोरा डॉक्टर न आल्यानं मरताना पाहिली होती. तिच्या शिक्षणाचा खर्च कनेक्टिकटमधल्या बायकांच्या संस्थेनं उचलला. शिकून ती आपल्या लोकांत परतली, बाराशेवर माणसांची एकटी डॉक्टर झाली आणि १९१३ मध्ये वॉल्टहिलला तिनं रुग्णालय उभं केलं. आनंदीबाईंना परतल्यावर आयुष्य लाभलं नाही. सुझनला लाभलं.

सुझनची गोष्ट सांगितली म्हणून एक सावधगिरी. या मुलाला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘मग शिकून गावाकडेच येणार ना?’ कोथरूडच्या मुलाला हे कुणी विचारत नाही. ज्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचंय त्यानं ते व्हावं, पुण्यात राहावं, परदेशी जावं. जागा त्याच्या हक्काची आहे, ती परतफेडीच्या बोलीवर दिलेली नाही. आहुप्याला डॉक्टर मिळावा ही जबाबदारी राज्याची, आणि एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचं बंधपत्र लिहून देणाऱ्या प्रत्येकाची.

तरीही त्यानंच एक प्रसंग सांगितला. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. वर्षानुवर्षं त्याच घरांत जाऊन वजन, रक्तदाब, आजार यांची नोंद ठेवायची. त्याचा गट अशाच एका गावात गेला होता. एक म्हातारी काही केल्या नीट सांगेना. सोबतची मुलगी हुशार, वर्गात पहिल्या पाचांतली, फॉर्म हातात धरून विचारत होती, ‘आजी, ताप किती दिवस आहे?’ म्हातारी म्हणत होती, ताप नाही. हा पुढं झाला, उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, ‘मोठे आई, हिव भरतं का? दिवसाआड?’

‘भरतं तर,’ म्हातारी म्हणाली, आणि मग थांबलीच नाही.

परतताना त्या मुलीनं त्याला विचारलं, ‘हिव म्हणजे काय रे?’ त्यानं सांगितलं. तिनं जर्नलच्या मागच्या पानावर तो शब्द लिहून घेतला, आणि त्याच्याकडून आणखी सात-आठ. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली, असं सांगताना तो पहिल्यांदा मोकळा हसला.

संध्याकाळ होत आली होती. आईनं कागद पुन्हा घडीत घातले, घडी प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक पेटीत. वैधता मिळाली आहे, आता या दाखल्याचं काम संपलं, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. धाकटी दहावीला आहे. तिलाही डॉक्टर व्हायचंय, आणि तिची फाइल पुन्हा पहिल्यापासून करायची आहे.